वचन वाचून उठलीस की कोणाकडे जाशील?

पोरी, तू विचारलंस ते बरं केलंस. नागपूरला नर्सिंगला गेल्यापासून रोज रात्री पवित्र शास्त्राचा एक अध्याय वाचतेस, प्रार्थना करतेस, आणि सकाळी उठलीस की खोलीतल्या त्याच मैत्रिणीवर तोच राग येतो. देवाच्या वचनाने हृदय पालटतं हे तू संडे स्कूलपासून ऐकत आलीस, मग तुझंच का पालटत नाही? फोनवर उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून लिहिते. यातलं माझ्या पदरचं थोडंच आहे. बरंचसं माझ्या सासूबाईंनी मला सांगितलेलं, आणि त्यांना त्यांच्या आईने. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. पण वचन हाती आल्यावर त्याचं काय करायचं, हे त्यांच्याइतकं कळलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

आधी हे सांगते की वाचन थोडं कमी कर. एक अध्याय संपवायचा म्हणून डोळे ओळींवरून धावत असतील तर पाच-सहा वचनं पुरेत. आणि मोठ्याने वाच, निदान स्वतःच्या कानाला ऐकू येईल इतक्या आवाजात. आपल्या मराठीत वचन पहिल्यापासून कानावाटेच आलं आहे. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. ते लोक गाऊन ऐकत, देवळात ऐकत, घरी ऐकत. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापर्यंतही ते तसंच पोचलं. छापील नवा करार मराठीत आला तो १८११ मध्ये, बंगालातल्या श्रीरामपूरला विल्यम केरीच्या छापखान्यात. म्हणजे मराठी माणसाने छापील नवा करार डोळ्यांनी वाचायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी वचन कानांनी ऐकलं. सासूबाईंना मी रात्री कंदिलापाशी वाचून दाखवायची. चार वचनं झाली की त्या हात वर करायच्या. थांब. मग बराच वेळ काही बोलायच्या नाहीत. मला वाटायचं त्यांना झोप आली. दुसऱ्या दिवशी धुऱ्यावर बसून भाकरी खाताना त्या वचनाबद्दल असं काही विचारायच्या की मला ते मी वाचलेलंच नाही असं वाटायचं.

थांबण्याचं महत्त्व रेव्हरंड टिळकांच्या गोष्टीतून मला आणखी पटलं. नारायण वामन टिळक १८९३ च्या सुमारास आगगाडीने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा गृहस्थ भेटला, त्याने नवा करार हातात ठेवला. टिळकांना त्या पुस्तकाची विशेष ओढ नव्हती, पण हातात घेतलेलं पुस्तक वाचायचं हा त्यांचा नेम. वाचत वाचत ते मत्तयाच्या पाचव्या, सहाव्या, सातव्या अध्यायाशी आले, डोंगरावरच्या प्रवचनाशी, आणि तिथेच अडकले. पुढे सरकवेना. हे तीन अध्याय सहज अर्ध्या तासात वाचून होतात. एवढा मोठा कवी, वादविवादात पटाईत, संस्कृत जाणणारा, त्याला त्या तीन अध्यायांनी धरून ठेवलं. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी फार वाचलं म्हणून हे घडलं असं मला वाटत नाही. जिथे वचनाने धरलं तिथून ते निसटून गेले नाहीत, म्हणून घडलं. तुलाही वाचताना एखादं वचन टोचेल. टोचलं की पुढचं वाचू नकोस. त्या दिवसाचं वाचन तिथे झालं.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. वाचून झाल्यावर आपण काय करतो? डोळे मिटून 'प्रभू, मला हे करायला शक्ती दे' म्हणतो आणि वही मिटतो. सासूबाई एकच प्रश्न विचारायच्या, 'कोनाकडे जाशीन?' वचन ऐकलं ना, मग आता उठून कोणाकडे जाशील? वचन नुसतं प्रेमाविषयी, क्षमेविषयी, दयेविषयी राहू द्यायचं नाही. त्याला एका माणसाचं नाव जोडायचं, आणि ते नाव आजचं असलं पाहिजे. तू वहीत आवडलेली वचनं लिहून काढतेस ना? ती नको लिहू. वचनाचा आकडा आणि शेजारी त्या माणसाचं नाव, एवढंच लिही. आठवड्याने उघडून बघ, कोणाकडे जाऊन आलीस आणि कोणाकडे जायचं राहिलं ते.

तू धानाच्या घरची आहेस, म्हणून एक सांगते. मृगाचा पाऊस पडला की आपण पऱ्हे टाकतो. पऱ्ह्यांच्या वाफ्यात धान किती हिरवंगार, दाट दिसतं! पण त्याला तिथे लोंबी धरत नाही. तीन-साडेतीन आठवड्यांनी ते उपटायचं, मुळाला लागलेली माती झटकायची, जुडी बांधायची आणि चिखलणी केलेल्या बांधीत एकेक चूड रोवायची. पाऊस लांबला आणि पऱ्हे वाफ्यातच जास्त दिवस राहिले तर काय होतं हे तुझ्या बाबांना विचार. ते वयस्क होतात, मग रोवले तरी फुटवे कमी येतात. रविवारची उपासना, बायबलचा वर्ग, तुझा रात्रीचा अध्याय, हा सगळा वाफा आहे. तो लागतोच. पण तुझी बांधी म्हणजे तुझी खोली, तुझा वॉर्ड, तुझं घर. तिथे रोवल्याशिवाय तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळायचं नाही. आणि उपटताना मुळं दुखावतात हेही खरं. रोवल्यावर आठ दिवस धान पिवळं पडतं, मलूल दिसतं. वचन पाळायला गेलीस की पहिले काही दिवस तुलाही बरं वाटणार नाही, उलट अवघड, लाजिरवाणं वाटेल. त्याला घाबरू नकोस.

हे सगळं आपल्या कर्तबगारीने होतं असं मात्र समजू नकोस. यहेज्केल संदेष्ट्याच्या छत्तिसाव्या अध्यायात देव स्वतः म्हणतो की दगडाचं हृदय काढून मांसाचं हृदय मी देईन. देणारा तो आहे. माणसाला स्वतःचं हृदय काढून दुसरं बसवता येत नाही. पण तो हे देतो कुठे? माझ्या अनुभवात तरी गुडघ्यावर असताना फारसं नाही. वचनाने सांगितलेल्या दाराशी जाऊन उभं राहिल्यावर, तोंडातून शब्द फुटत नसताना, तिथे तो देतो. पवित्र आत्म्याचं काम तो करतो. दारापर्यंत चालत जाणं आपलं.

वाचताना एक सवय फार जपून टाळायची. वचन दुसऱ्याला लागू करायचं नाही. प्रवचन ऐकताना 'हे आज माझ्या जावेने ऐकायला हवं होतं' असं मनात आलं की समज, आज आपल्या पदरात काही पडणार नाही. दावीद राजाची गोष्ट तुला ठाऊक आहे, दुसऱ्या शमुवेलात. उरीयाची बायको घेतली, उरीयाला लढाईत पुढे उभं करून मारवलं, आणि राजा नेहमीसारखा न्यायनिवाडा करत बसला. त्याला नाथान संदेष्ट्याने एका गरिबाच्या एकुलत्या एक कोकराची गोष्ट सांगितली. ती ऐकून दावीद संतापला, त्या कोकरू हिसकावणाऱ्या श्रीमंताला मरणाची शिक्षा द्यायला निघाला. दुसऱ्याच्या पापावर त्याचा न्याय किती धारदार होता! नाथानाने बोट त्याच्याकडे वळवलं तेव्हा कुठे तो मोडला. बायबल घरात असणारे, गाणी पाठ असणारे, वर्षानुवर्षं मंडळीत बसणारे आपण बहुतेक वेळा नाथानाच्या जागी बसून वाचतो. जागा बदल. प्रत्येक गोष्टीत दावीद कोण हे विचारताना आधी स्वतःकडे पाहा.

पैशाचं सांगते, कारण हृदय पालटलं की नाही हे सर्वांत आधी पैशात कळतं आणि याबद्दल मंडळीत फार कमी बोललं जातं. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची आज्ञा आहे, कारण तो गरीब असतो आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला असतो. याकोब तर आपल्या पत्रात म्हणतो की कापणी करणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते, आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत बायका दिवसभर कमरेत वाकून, पाठीवर पावसाचं पाणी घेत रोवतात. पुष्कळ घरांत त्यांचे पैसे 'आठवडा झाल्यावर', 'धान विकल्यावर' असे लांबतात. सासूबाईंनी अनुवादातलं ते वचन ऐकलं आणि आमच्या घरात नियम झाला की रोवणीची मजुरी त्याच संध्याकाळी, बायका हातपाय धुऊन निघायच्या आत. त्यासाठी एका वर्षी घरातली तांब्याची गुंडी गहाण ठेवली होती. वचनासाठी गहाण ठेवलेली ती गुंडी मला कोणत्याही साक्षीपेक्षा मोठी वाटते.

जक्कयाची गोष्ट लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. येशूने त्याला लुबाडणुकीवर प्रवचन दिलं असं तिथे काही लिहिलेलं नाही. तो फक्त त्याच्या घरी पाहुणा गेला. आणि जक्कय उठून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट परत. आमच्या ओळखीच्या एका माणसाने ही गोष्ट ऐकून शेजारच्या बांधीतला धुरा मागे सरकवला. बापाच्या वेळी तो हातभर पुढे सरकला होता, शेजाऱ्याला ते माहीत होतं, भांडणाला पंधरा वर्षं झाली होती. एक दिवस हा माणूस कुदळ घेऊन गेला आणि धुरा होता तिथे नेला. हातभर रुंदीच्या जमिनीत किती धान येतं? पण त्या घरांमध्ये आता लग्नकार्याला येणंजाणं आहे.

आता तुझ्या मैत्रिणीकडे येते. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने सांगितलं आहे की वेदीपाशी दान घेऊन गेलीस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. नीट वाच. 'तुझ्या मनात त्याच्याविषयी' असं तिथे नाही. त्याच्या मनात तुझ्याविषयी. तू रोज रात्री तिच्या चुका देवाला सांगतेस. एकदा तिला विचार, माझं तुला काय खुपतं? आणि ती सांगेल ते ऐकून घे, मध्ये बोलू नकोस, स्वतःची बाजू मांडू नकोस. हे मी तुला करायला सांगते आहे ते अवघड आहे, मला ठाऊक आहे. पण शंभर अध्यायांपेक्षा हे एक करून बघ.

इथे मला जातीचं बोलायचं आहे, आणि मन घट्ट करून बोलते. वचन ऐकूनही हृदयाचा एखादा कोपरा वर्षानुवर्षं बंद राहतो, आणि आपल्याकडे तो कोपरा बहुधा हाच असतो. पेत्र प्रेषिताचं बघ. येशूबरोबर फिरलेला, त्याच्याकडे पाण्यावरून चाललेला. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात त्याला दर्शन झालं, तो परराष्ट्रीय कर्नेल्याच्या घरी गेला, त्यांच्याबरोबर राहिला. सगळं समजलं होतं. तरी पुढे अंत्युखियात यरुशलेमेची माणसं आली तेव्हा तो परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठून बाजूला बसू लागला. पौलाने सर्वांसमोर त्याला तोंडावर बोल लावला. ते गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. पंगत हीच जागा होती जिथे त्याचं हृदय अजून कच्चं होतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं याउलट. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून पाच वर्षं त्यांनी ताटातूट सोसली. पुन्हा एकत्र राहायला आल्यावरही सोवळं सुटलं नव्हतं. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही, हे मला त्या माणसाचं फार मोठेपण वाटतं. मग एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात सरळ विचार उठला की देवाने माणसं केली, या जाती त्याने केलेल्या दिसत नाहीत. आणि विचार उठल्यावर त्या त्यावर विचार करत बसल्या नाहीत. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचं खायचं ठरवलं. आधी ताट बदललं, बाप्तिस्मा नंतर झाला, १९०० साली. त्यांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, तुझ्या कॉलेजच्या लायब्ररीत असेल. ते पुस्तक वाच. या बाईचं शालेय शिक्षण झालेलं नव्हतं, आणि टिळकांच्या मागे अपुरं राहिलेलं त्यांचं ख्रिस्तायन हे काव्य तिनेच पुढे नेलं.

आपल्या मंडळीत आज पंगत एक आहे, प्रभुभोजनाचा प्याला एक आहे. पण सोयरीक जुळवताना 'मूळचे कोणते?' हा प्रश्न दबक्या आवाजात अजून विचारला जातो. तू तो विचारू नकोस, आणि तुझ्यासाठी कोणी विचारला तर मला सांग, मी त्या घरी जाऊन बोलेन.

वेळ लागतो म्हणून खचू नकोस. पंडिता रमाबाईंचं उदाहरण मी याच कारणासाठी देते. आसामात सिल्चरला नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकाचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं. ते त्यांनी आवडीने वाचलं. पुढे इंग्लंडमध्ये असताना फुलहॅमला त्यांनी पाहिलं की समाजाने टाकून दिलेल्या बायकांना तिथल्या सिस्टर्स पोटच्या मुलींसारखं सांभाळतात. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. लक्षात घे, आधी त्यांनी पालटलेल्या बायका पाहिल्या, मग वचन ऐकलं, म्हणून ते वचन आत गेलं. १८८३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि त्यानंतर आठ वर्षांनी, म्हणजे १८९१ च्या सुमारास, त्यांना उमगलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. स्वतःच्या साक्षीत त्यांनी हे उघडपणे लिहून ठेवलं आहे. एवढी विदुषी, मूळ भाषा शिकणारी, आणि आठ वर्षं! तुला आता कुठे दीड वर्ष झालं.

आणि ख्रिस्त मिळाल्यावर त्या काय करत बसल्या? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. लहानपणी दुष्काळातच त्यांनी आईवडील गमावले होते, उपाशी पोट काय असतं हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. या प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायकांना त्यांनी केडगावला नेलं, खाऊ घातलं, शिकवलं, छापखान्यात उभं केलं. त्याच मुलींच्या हातांनी पुढे रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल छापलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये, भाषांतराचं काम हातावेगळं करून त्या गेल्या. छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये. उपासमारीतून उचललेल्या मुलींनी जुळवलेली ती अक्षरं आहेत. मला वचनाचं सामर्थ्य कोणी विचारलं तर मी त्या खिळे जुळवणाऱ्या बोटांबद्दल सांगते.

आपल्या झाडीपट्टीतही वचन असंच आलं. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले. शाळा काढली, आणि गोंड लोकांत फिरून त्यांची भाषा, त्यांच्या कथा ऐकून लिहून घेतल्या. १८६३ च्या पावसाळ्यात बोरीजवळ पूर आलेल्या ओढ्यात ते वाहून गेले. नंतर त्याच शतकात चांद्याला स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीचं मिशन आलं. तिथे राबलेले अॅलेक्स वुड पुढे नागपूरचे बिशप झाले. कॅथलिकांचं चांदा मिशन १९६२ पासूनचं, आणि ब्रह्मपुरीचं ख्रिस्तानंद हॉस्पिटल तर तू लहानपणापासून पाहिलंस. आपण आणि ते वेगवेगळ्या देवळांत बसतो, पण बाळंतपण अडलं, साप चावला की सगळ्या धर्मांची माणसं त्या दाराशी जातात. ज्या लोकांनी कधी बायबल उघडलं नाही त्यांनी वचन असं पाहिलेलं आहे. तूही आता पांढरे कपडे घालणार आहेस. वॉर्डात कोणाला वचन ऐकवायची घाई करू नकोस. बेडपॅन वेळेवर दे, चिडक्या म्हाताऱ्याशी हळू बोल, नातेवाईक नसलेल्याचे केस विंचर.

याला जोडूनच एक गोष्ट, आणि ती आपल्याच भागाची आहे. ब्रह्मपुरीच्या जंगलात वाघ फार. मोहफूल वेचायला, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला बाया पहाटे अंधारात निघतात, कारण ऊन चढलं की काम होत नाही, आणि त्या पैशावर पावसाळ्याची बी-बियाणं अवलंबून असतात. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात एखादी परत येत नाही. त्या घरी गेलीस तर वचन म्हणू नकोस. सर्व काही चांगल्यासाठीच घडतं, देवाची इच्छा होती, असलं काही म्हणजे काहीच बोलू नकोस. ईयोबाचे तीन मित्र आले तेव्हा ते सात दिवस सात रात्री जमिनीवर त्याच्याबरोबर मुकाट्याने बसले. ते बोलायला लागले तिथून बिघडलं, आणि शेवटी देवाने त्यांच्यावरच राग धरला. तू चूल पेटव, पोरांना खाऊ घाल, पंचनामा आणि भरपाईच्या कागदांसाठी कोणाला तरी त्यांच्याबरोबर वनविभागाच्या ऑफिसात पाठव. लाजाराच्या कबरेपाशी प्रभू स्वतः रडला. दुःखाच्या घरी तेवढं वचन आपल्या वागण्यात असलं की पुरे.

आणि वचनाचा ताईत करू नकोस. भीती वाटते म्हणून स्तोत्र लिहून उशाखाली ठेवणं, परीक्षेच्या पॅडवर वचन चिकटवणं, डोळे मिटून बायबल उघडून बोट पडेल ते वचन आजचं समजणं, हे सगळं मी घराघरांत पाहते. तेविसावं स्तोत्र अंधाऱ्या दरीतून जाणाऱ्याचं आहे. दरी टळेल असं ते कुठे सांगत नाही, बरोबर कोण आहे ते सांगतं. जंगलाकडेला राहणाऱ्याला हा फरक लवकर कळतो. वचन म्हणूनही चौघीजणींनी मिळून जायचं असतं, काठी वाजवत जायचं असतं.

पाठांतराचं थोडक्यात. आठवड्याला एक वचन, जास्त नको. सासूबाई रोवताना म्हणायच्या; हात चिखलात असले तरी तोंड मोकळं असतं. तू बसमध्ये म्हण, भांडी घासताना म्हण. पाठ असलेलं वचन नेमकं तेव्हा वर येतं जेव्हा पुस्तक उघडायला वेळ नसतो: कोणी वाईट बोललं आणि उत्तर जिभेवर आलं, त्या एका श्वासात. आणि घरी सुट्टीला आलीस की तुझ्या धाकट्या भावाला गोष्टी आपल्या झाडीबोलीत सांग, छापील भाषेत नको. त्याला हसू आलं तरी चालेल, तो ऐकेल.

हृदय पालटलं की नाही हे स्वतः तपासत बसू नकोस. उपासनेत डोळे भरून येतात त्यावरून ठरवू नकोस. नाटकाच्या मंडईत झाडीपट्टीचं नाटक बघतानाही आपण सगळे रडतो. तुझ्या खोलीतल्या मुलीला कळेल, घरी तुझ्या आईला कळेल. मला सासूबाईंबद्दल कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की त्यांनी मला चाळीस वर्षांत एकदाही माहेरावरून बोल लावला नाही. त्यांनी स्वतः याला साक्ष म्हटलं नसतं.

आता सुरुवात कुठून ते सांगते. मार्कापासून कर. सोळाच अध्याय आहेत, आणि त्यात येशू सतत कुठेतरी चालत निघालेला असतो, कोणाच्या तरी दाराशी थांबतो. एकेक गोष्ट एकेक दिवस घे, घाई नको. मग लूक. स्तोत्रं रोज एक, मोठ्याने, रागाची असतील तर रागाने वाच. स्तोत्रकर्त्यांनी देवापुढे काही लपवलं नाही. लेवीय आणि प्रकटीकरण सध्या एकटीने वाचू नकोस, सुट्टीत आलीस की आपण मिळून वाचू. न समजलेल्या वचनासमोर पेन्सिलीने खूण कर आणि ती पाळकांना विचार, मोबाईलवरच्या प्रवचनांना नको. आणि वहीत आज पहिलं नाव तिचंच लिही, तुझ्या खोलीतल्या त्या मुलीचं. उद्या ड्युटीवरून आलीस की दोघींसाठी चहा कर आणि तिला विचार. ती काय म्हणाली ते मला रविवारी फोनवर सांग.